हत्येविरुद्ध बोलणारे धर्मगुरू : गावात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या पूर्व विदर्भातल्या गावात ख्रिस्ती घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. तूर-हरभरा घरात येऊन पडलेला असतो, मोहफुले वेचायला पहाटेच रानात जाणे सुरू झालेले असते, अशा दिवसांत दरवर्षी २४ मार्चच्या संध्याकाळी येथे एक प्रार्थनासभा भरते. तिच्यात दूरदेशीच्या काही धर्मगुरूंची नावे, आणि ज्यांच्यासाठी त्यांनी आवाज उठवला त्या माणसांची नावे वाचली जातात. सभेनंतर चहा घेताना शेजारीपाजारी, कॉलेजात जाणारी मुले, कधी पोलीस पाटीलही प्रश्न विचारतात. तेच ते प्रश्न दरवर्षी येत असल्यामुळे उत्तरे एकदा नीट लिहून काढावीत, असे मंडळीत ठरले. ती लिहिणारा मी येथला धर्मशिक्षक आहे. माझा धर्मशास्त्राचा मोठा अभ्यास नाही, आणि ज्या ठिकाणी मत आले आहे तेथे ते माझे एकट्याचे समजावे.

२४ मार्च हाच दिवस का?

मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या छोट्या देशाचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना २४ मार्च १९८० रोजी संध्याकाळी, कर्करुग्णांच्या एका रुग्णालयातील प्रार्थनागृहात मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) अर्पण करीत असताना गोळी घालून ठार करण्यात आले. पुढे २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने हाच दिवस मानवी हक्कांच्या गंभीर उल्लंघनाबाबत सत्य जाणून घेण्याच्या हक्काचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून जाहीर केला, आणि २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोमेरो यांना संतपद दिले.

रोमेरो मुळात भिडस्त, पुस्तकांत रमणारे आणि जुन्या वळणाचे होते. फेब्रुवारी १९७७ मध्ये त्यांची राजधानी सान साल्वादोरच्या आर्चबिशपपदी नेमणूक झाली तेव्हा कॉफीच्या मळ्यांचे मालक समाधानी होते आणि गरिबांमध्ये काम करणारे तरुण धर्मगुरू नाराज होते. त्यांनी पदभार घेतल्यावर महिनाभरातच, १२ मार्च १९७७ रोजी, ऊस कापणाऱ्या मजुरांना संघटित व्हायला शिकवणारे त्यांचे मित्र फादर रुतिलिओ ग्रांदे यांना रस्त्यात गाठून मारण्यात आले. त्यांच्यासोबत एक म्हातारा आणि एक शाळकरी वयाचा मुलगाही मेला. रोमेरो यांनी चौकशीची मागणी केली, चौकशी होईपर्यंत सरकारी समारंभांना जाणार नाही असे कळवले, आणि पुढच्या रविवारी साऱ्या धर्मप्रांतात एकच मिस्सा ठेवून सर्वांना राजधानीतील कॅथेड्रलपाशी बोलावले.

तेव्हापासून तीन वर्षे त्यांची रविवारची प्रवचने चर्चच्या रेडिओ केंद्रावरून देशभर ऐकली जात. आधी शुभवर्तमानाचे विवरण होई, आणि मग त्या आठवड्यात कोण मारले गेले, कोणाला घरातून उचलून नेले, कोणत्या गावातून, कोणत्या तारखेला, हे ते शांतपणे वाचून दाखवीत. वर्तमानपत्रे जे छापत नव्हती ते खेड्यातला शेतमजूर ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकत असे. त्या केंद्रावर बॉम्ब टाकण्यात आला, तरी प्रवचने थांबली नाहीत. २३ मार्च १९८० च्या प्रवचनात त्यांनी सैनिकांना थेट उद्देशून सांगितले की, तुम्ही मारता ते शेतकरी तुमचेच भाऊबंद आहेत, आणि देवाच्या आज्ञेविरुद्ध असलेला हुकूम पाळण्यास कोणीही बांधील नाही. हा दडपशाहीचा प्रकार थांबवा, असे त्यांनी बजावले. त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांची हत्या झाली. ३० मार्चला अंत्यविधीसाठी जमलेल्या लोकांवरही बॉम्ब आणि गोळ्या पडल्या आणि अनेक जण दगावले.

'राजकीय हत्या' कशाला म्हणावे? धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) भांडणातून झालेला खून त्यात येतो का?

सामान्यतः येत नाही. तो गुन्हाच आहे, पण त्याचा तपास करायला यंत्रणा तयार असते. सत्ता टिकवण्यासाठी, सत्ता मिळवण्यासाठी किंवा सत्तेला अडचणीचे ठरणारे तोंड बंद करण्यासाठी जो जीव घेतला जातो, आणि ज्याच्या मागे उभ्या असलेल्या हातांना आपण पकडले जाणार नाही याची खात्री असते, त्या मृत्यूला राजकीय हत्या म्हणतात.

याचे सर्वांत नेमके वर्णन मला पवित्र शास्त्रातील राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात सापडते, आणि शेतीवर जगणाऱ्या माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही. अहाब राजाला वाड्याशेजारचा नाबोथाचा द्राक्षमळा भाजीपाल्यासाठी हवा होता. नाबोथाने वाडवडिलांची जमीन देण्यास नकार दिला. तेव्हा ईजबेल राणीने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मोहर लावली आणि ती गावच्या वडीलधाऱ्यांकडे धाडली. उपवासाचा दिवस जाहीर झाला, सभा भरली, नाबोथाने देवाची आणि राजाची निंदा केली अशी साक्ष देणारी दोन माणसे उभी करण्यात आली, आणि नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडमार करण्यात आला. यात कागद आहे, शिक्का आहे, पंच आहेत, दोन साक्षीदारही आहेत. कायद्याने लागते ते सगळे आहे. मग राजा मळ्याचा ताबा घ्यायला निघतो, आणि वाटेत एलीया संदेष्टा त्याला अडवून विचारतो की, तू खून करून वर ताबाही घेतलास का?

धुऱ्याचे भांडणही, ज्याचा ट्रॅक्टर फिरला त्याच्या मागे सत्ता उभी राहिली आणि तक्रारदार मेला, तर याच सदरात जाऊन बसते.

धर्मगुरूंनी या गोष्टीत का पडावे? त्यांचे काम पूजा-प्रार्थनेचे नाही का?

आमच्या गावातील एका वृद्ध गृहस्थांनी हा प्रश्न अधिक सरळ शब्दांत विचारला होता : "आपल्याले त्याचं काय करा लागते?" त्यांना दिलेले उत्तरच येथे लिहितो. मयत घरात आले की पहिला निरोप धर्मगुरूकडे जातो. अंगावरच्या खुणा अंघोळ घालणाऱ्या बायकांना दिसतात आणि त्या पाळकाच्या कानावर जातात. मृत्यूच्या नोंदवहीत नाव, वय आणि तारीख त्यालाच लिहावी लागते. तो राजकारणात जात नसला तरी राजकारणाने मारलेला माणूस त्याच्या दारात येतोच, आणि तेव्हा त्याने पुरण्यापुरत्या चार ओळी म्हणून घरी जावे की काय, एवढाच प्रश्न उरतो.

जर्मनीतील म्युन्स्टरचे बिशप क्लेमेन्स फोन गालेन यांचे उदाहरण मला येथे फार उपयोगी वाटते, कारण ते कोणत्याही अर्थाने क्रांतिकारक नव्हते. सरदार घराण्यातले, राष्ट्राभिमानी आणि जुन्या विचारांचे होते. नाझी राजवट मनोरुग्णांना आणि अपंगांना संस्थांमधून उचलून गुपचूप ठार करीत होती. त्यांच्या भागातील रुग्णांच्या याद्या तयार होत असल्याचे कळताच त्यांनी जुलै १९४१ मध्ये देशाच्या फौजदारी कायद्याचा आधार घेऊन सरकारी वकिलाकडे आणि पोलीसप्रमुखांकडे लेखी तक्रार दिली. उत्तर आले नाही, तेव्हा ३ ऑगस्ट १९४१ च्या रविवारी त्यांनी ती तक्रार व्यासपीठावरून वाचून दाखवली. प्रवचनाच्या प्रती हातोहात फिरल्या. त्याच महिन्यात त्या योजनेचा मुख्य भाग थांबवल्याचा हुकूम निघाला, जरी वेगवेगळ्या मार्गांनी त्या हत्या युद्ध संपेपर्यंत चालू राहिल्या.

नुसते बोलून काय होते?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून उत्तरही लांब आहे. माझे मत असे की, या धर्मगुरूंच्या धाडसी वाक्यांकडे आपले जेवढे लक्ष जाते, तेवढे त्यांच्या कारकुनीकडे जात नाही, आणि खरे काम तेथे झालेले आहे. दरडावून बोलणारे पुष्कळ असतात. मेलेल्याचे पूर्ण नाव, बापाचे नाव, गाव, तारीख, वेळ, कोणी पाहिले आणि कोणत्या गाडीतून नेले, हे वर्षानुवर्षे लिहून जपणारे थोडे असतात.

चिलीमध्ये ११ सप्टेंबर १९७३ रोजी जनरल पिनोशे यांनी सत्ता बळकावली. कॅथलिक, लुथरन, ज्यू आणि इतर धर्मियांनी मिळून लगेच एक मदत समिती उभारली. पिनोशे यांनी १९७५ च्या अखेरीस दबाव आणून ती बंद करायला लावली. सान्तियागोचे कार्डिनल राऊल सिल्वा एन्रीकेस यांनी समिती मोडली आणि जानेवारी १९७६ मध्ये तेच काम आपल्या धर्मप्रांताचा एक अधिकृत विभाग म्हणून सुरू केले. त्याचे नाव 'विकारिया दे ला सोलिदारिदाद', म्हणजे ऐक्यभावाचे कार्यालय. आता ते बंद करायचे तर खुद्द चर्चच्या अंगावर जावे लागले असते. हा डाव मला आपल्याकडच्या एखाद्या मुरलेल्या पाटलाच्या तोडीचा वाटतो.

त्या कार्यालयातील वकिलांनी बेपत्ता माणसांना न्यायालयापुढे हजर करावे, अशा हजारो याचिका दाखल केल्या. न्यायालयांनी जवळपास सगळ्या फेटाळल्या. त्या वेळी कोणी विचारले असते की यातून काय साधले, तर उत्तर देणे अवघड गेले असते. परंतु प्रत्येक याचिकेबरोबर एक फाइल तयार होत होती, आणि १९९० मध्ये लोकशाही परत आल्यावर सत्यशोधन आयोगाने आणि पुढे न्यायालयांनी याच फायली उघडल्या. त्याची किंमतही मोजावी लागली. विकारियात काम करणारे होसे मानुएल पारादा यांना मार्च १९८५ मध्ये पळवून नेऊन, गळा चिरून मारण्यात आले.

ब्राझीलमधील प्रकार तर एखाद्या रहस्यकथेत शोभावा असा आहे. लष्करी न्यायालयांत राजकीय कैद्यांवर जे खटले चालले, त्यांत कैद्यांनी आपला छळ कसा झाला हे न्यायाधीशांसमोर सांगितलेले होते आणि कारकुनांनी ते इमानेइतबारे टिपून ठेवले होते. वकिलांना अशी फाइल चोवीस तासांसाठी नेण्याची मुभा होती. साऊ पाउलोचे कार्डिनल पाउलो एव्हारिस्तो आर्न्स आणि प्रेस्बिटेरियन पाळक जाइमे राइट यांच्या देखरेखीखाली काही वकिलांनी १९७९ पासून एकेक फाइल उचलून, झेरॉक्स काढून, दुसऱ्या दिवशी जागेवर ठेवण्याचा सपाटा लावला. राइट यांचा सख्खा भाऊ १९७३ पासून बेपत्ता होता. सातशेहून अधिक खटल्यांची दहा लाखांच्या आसपास पाने अशी गोळा झाली, त्यांच्या सूक्ष्मचित्रफिती देशाबाहेर सुखरूप ठेवण्यात आल्या, आणि १९८५ मध्ये त्यांचा सारांश छापून आला तेव्हा सरकारला तो खोटा म्हणण्याची सोय राहिली नव्हती, कारण ती सरकारचीच कागदपत्रे होती.

ही माणसे फक्त सरकारविरुद्ध बोलतात का? बंदूक घेतलेल्या दुसऱ्या बाजूचे काय?

गडचिरोलीला लागून राहणाऱ्या माणसाने हा प्रश्न विचारणे अगदी साहजिक आहे. खबऱ्या ठरवून रात्री घरातून बाहेर काढलेला आणि सकाळी रस्त्यावर सापडलेला गावकरी आपल्या भागात कोणाला माहीत नाही? आणि चकमकीत मेलेला प्रत्येक जण खरोखर बंदूकधारी होता का, हा प्रश्नही त्याच गावांत दबक्या आवाजात विचारला गेला आहे. एका घरातले दु:ख मोठ्याने बोलायचे आणि शेजारच्या घरातले गिळून टाकायचे, असे कोणत्याही धर्मगुरूने केले तर त्याच्या शब्दाला वजन राहणार नाही.

रोमेरो यांनी डाव्या गटांनी केलेल्या अपहरणांचा आणि खुनांचाही निषेध केला होता. एल साल्वादोरच्या शेजारच्या ग्वातेमाला देशातील चर्चने केलेल्या नोंदींत बंडखोरांनी केलेल्या हत्याही आहेत. मात्र दोन्ही बाजूंची नोंद ठेवणे म्हणजे दोन्ही पारडी समान दाखवणे नव्हे. एल साल्वादोरच्या सत्यशोधन आयोगाकडे १९९३ पर्यंत आलेल्या तक्रारींपैकी सुमारे ८५ टक्के सरकारी दले व त्यांच्या आश्रयाखालील टोळ्यांविरुद्ध होत्या आणि सुमारे ५ टक्के बंडखोरांविरुद्ध. ग्वातेमालात दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली. तेथील आयोगाने १९९९ मध्ये दिलेल्या निष्कर्षानुसार नोंदवलेल्या अत्याचारांपैकी ९३ टक्के सरकारी बाजूचे आणि ३ टक्के बंडखोरांचे होते. दुसऱ्या देशात आकडे उलटे निघू शकतील. मोजल्याशिवाय ते कळणार नाही, आणि मोजणाऱ्याने निष्कर्ष आधी ठरवून बसू नये.

मेलेला माणूस खरोखरच गुन्हेगार असेल, तर चर्चने त्याची बाजू का घ्यावी?

फिलिपिन्समध्ये २०१६ नंतर हाच प्रश्न बिशपांना विचारला जात होता. अध्यक्ष रोद्रिगो दुतेर्ते यांनी अमली पदार्थांविरुद्ध मोहीम उघडली आणि तिला लोकांचा मोठा पाठिंबा होता, हे विसरता कामा नये. पोलिसांच्या कारवाईत सहा हजारांहून अधिक माणसे मारली गेल्याचे सरकारी आकडेच सांगतात. मोटारसायकलवरून आलेल्या अज्ञात मारेकऱ्यांचे बळी वेगळे. मरणारे बहुतेक झोपडपट्टीतले होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये बिशपांचे पत्र देशभरातील चर्चमध्ये वाचले गेले. गरिबांच्या वस्त्यांत दहशतीचे राज्य आले आहे, असे त्यात म्हटले होते. त्याच वर्षी अनेक धर्मप्रांतांत रात्री आठ वाजता मृतांसाठी घंटा वाजवण्यात आली. कालोओकानचे बिशप पाब्लो व्हिर्जिलिओ दाविद यांनी व्यसनींसाठी उपचारांची सोयही उभी केली. याच शहरात ऑगस्ट २०१७ मध्ये सतरा वर्षांच्या एका मुलाला पोलिसांनी मारले. त्याने गोळीबार केला हा पोलिसांचा दावा कॅमेऱ्यातील चित्रीकरणामुळे आणि साक्षीदारांमुळे टिकला नाही, आणि तिघा पोलिसांना शिक्षा झाली. पुढे बिशप दाविद यांच्यावरच राजद्रोहाचा गुन्हा लावण्यात आला आणि तो टिकला नाही. २०२४ मध्ये ते कार्डिनल झाले. दुतेर्ते यांना मार्च २०२५ मध्ये अटक करून हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे सोपवण्यात आले.

आपला कायदाही याबाबत स्पष्ट आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मुंबईतील चकमकींसंबंधी महाराष्ट्र शासनाविरुद्ध चाललेल्या प्रकरणातच, चकमकीत मृत्यू झाल्यास गुन्हा नोंदवणे, स्वतंत्र तपास करणे आणि दंडाधिकाऱ्यांची चौकशी होणे आवश्यक ठरवले. मेलेला माणूस साधू होता की चोर, यावर त्या चौकशीची गरज अवलंबून ठेवलेली नाही.

चर्च नेहमीच असे बोलत आले आहे का?

नाही, आणि हे लपवण्यात काही अर्थ नाही. अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ या काळात हजारो माणसे बेपत्ता झाली तेव्हा बिशप एन्रिके आंजेलेली यांच्यासारखे काही जण बोलले आणि मारले गेले, पण वरिष्ठांपैकी अनेक जण गप्प राहिले. पोलिसांचे धर्मगुरू क्रिस्तियान फोन वेर्निच यांना तर खून, छळ आणि अपहरणांतील सहभागाबद्दल २००७ मध्ये जन्मठेप झाली. रवांडात १९९४ च्या वंशसंहारात आश्रयाला आलेल्या लोकांना चर्चच्या इमारतींतच मारण्यात आले, काही ठिकाणी धर्मगुरूंच्या संगनमताने. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल क्षमा मागितली. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या डच रिफॉर्म्ड चर्चने वर्णभेदाला शास्त्राधार पुरवला, आणि त्याच चर्चमधून बाहेर पडलेले बेयर्स नौदे यांच्यावर सरकारने सात वर्षे बंदीहुकूम लादला. रोमेरो यांच्या स्वतःच्या देशातील बहुसंख्य बिशप त्यांच्या विरोधात होते. सभेत आम्ही ही नावेही वाचावीत की नाही, यावर मंडळीत दोन मते आहेत. माझे मत वाचावीत असे आहे.

बोलल्यामुळे त्यांचाच जीव गेला. मग याला शहाणपण म्हणायचे का?

युगांडाचे आर्चबिशप जनानी लुवुम आणि त्यांच्या सहकारी बिशपांनी फेब्रुवारी १९७७ मध्ये हुकूमशहा इदी अमीन यांना हत्यांबद्दल निषेधाचे पत्र लिहिले. १६ फेब्रुवारीला आर्चबिशप आणि दोन मंत्री मारले गेले, आणि मोटार अपघातात मृत्यू झाल्याचे सरकारने जाहीर केले. ग्वातेमालाचे बिशप हुआन हेरार्दी यांनी २४ एप्रिल १९९८ रोजी तेथील अत्याचारांविषयीचा चर्चचा अहवाल जाहीर केला आणि २६ एप्रिलच्या रात्री त्यांना त्यांच्या निवासस्थानी ठेचून मारण्यात आले. पोलंडमध्ये फादर येझी पोपियेलुश्को यांना ऑक्टोबर १९८४ मध्ये गुप्त पोलिसांनीच मारले. ही यादी लांबवता येईल.

तरीही दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. हेरार्दी यांच्या खुन्यांना ज्या अहवालाची भीती होती, तो त्या दिवसापर्यंत छापून झाला होता. आणि दुसरी अधिक अवघड गोष्ट अशी की, मोठ्या माणसाच्या बोलण्याची किंमत पुष्कळदा लहान माणसे मोजतात. बिशप फोन गालेन यांना हात लावण्याचे नाझींनी टाळले, पण त्यांची प्रवचने वाटणाऱ्या ल्युबेक शहरातील तीन कॅथलिक धर्मगुरूंना आणि एका लुथरन पाळकाला नोव्हेंबर १९४३ मध्ये ठार करण्यात आले. म्हणून व्यासपीठावरून नाव घेण्याआधी त्या घरच्यांना विचारावे, आणि ते नको म्हणाले तर नाव घेऊ नये, असा नियम आम्ही पाळतो.

भारतातले उदाहरण आहे का?

आहे, आणि ते सांगताना शब्द जपून वापरावे लागतात. झारखंडमध्ये आदिवासींच्या जमिनीच्या हक्कांसाठी आणि वर्षानुवर्षे खटल्याविना तुरुंगात असलेल्या तरुणांसाठी काम करणारे येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी भीमा कोरेगाव प्रकरणात अटक झाली. माओवाद्यांशी संबंध असल्याचा तपास यंत्रणेचा आरोप त्यांनी नाकारला होता. कंपवातामुळे हातात पेला धरता येत नसल्याने नळीचा पेला मिळावा, यासाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, जामिनाविना आणि खटला सुरू होण्याआधीच मुंबईतील रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. हत्या हा शब्द मी येथे वापरत नाही. परंतु कोठडीतील माणसाच्या प्रकृतीची जबाबदारी ज्याने त्याला कोठडीत ठेवले त्याची असते.

ओडिशात जानेवारी १९९९ मध्ये ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले जिवंत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. क्षमा ही त्यांची होती. शिक्षा देण्याचे काम न्यायालयाने केले.

ही सारी कॅथलिकांची नावे आहेत. आमची मंडळी तर सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची) आहे.

लुवुम आणि दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू अँग्लिकन, राइट प्रेस्बिटेरियन, नौदे रिफॉर्म्ड. शिवाय सहा वेगवेगळ्या मंडळ्यांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरातच केली, हे विदर्भातल्या माणसाने तरी विसरू नये.

आम्ही ख्रिस्ती नाही. सभेला आलो तर चालेल का?

अवश्य यावे. १९७५ मध्ये ब्राझीलचे पत्रकार व्लादिमीर हेर्झोग लष्कराच्या कोठडीत मरण पावले आणि ती आत्महत्या असल्याचे सांगण्यात आले. ते ज्यू होते. त्यांच्यासाठी कार्डिनल आर्न्स, ज्यू धर्मगुरू हेन्री सोबेल आणि पाळक राइट यांनी साऊ पाउलोच्या कॅथेड्रलमध्ये एकत्र प्रार्थना केली आणि पोलिसांच्या अडथळ्यांना न जुमानता हजारो लोक आले.

आपल्या मातीलाही हे नवे नाही. १९४२ च्या चिमूर-आष्टीच्या उठावानंतर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना चंद्रपुरात अटक झाली होती. भजन म्हणणारा माणूस राज्यकर्त्यांना कधी नकोसा होतो, हे विदर्भाने पाहिलेले आहे. आणि भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हा ती बातमी बाहेर यायला, आणि जातीय अत्याचार म्हणून तिच्याकडे बघितले जायला किती दिवस लागले, हेही आपण पाहिले. त्या वेळी आपल्या किती व्यासपीठांवरून ती चार नावे वाचली गेली, असा प्रश्न एका बौद्ध शेजाऱ्याने सभेत विचारला होता. आमच्याकडे त्याचे उत्तर नव्हते. तेव्हापासून ती नावे आमच्या यादीत आहेत.

महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्काही नाहीत. एवढ्याशा लोकांनी बोलून शंका कशाला ओढवून घ्यावी?

२०११ च्या जनगणनेनुसार राज्यात ख्रिस्ती सुमारे १०.८ लाख, म्हणजे एक टक्क्याहून थोडे कमीच आहेत, आणि विदर्भातल्या खेड्यांत तर आणखी विरळ. शंका घेणारे घेतात. चर्चमध्ये दुसरे काय चालते, असे विचारणारे आम्हालाही भेटतात. आमचा उपाय साधा आहे. सभा उघड्यावर असते, तारीख आधीच सगळ्यांना माहीत असते, आणि जे वाचले जाते ते ज्याला हवे त्याला लेखी दिले जाते.

आमच्या गावात कोठडीत किंवा चकमकीत मृत्यू झाला, कोणी उचलून नेला, तर प्रथम काय करावे?

ओरड करण्याआधी लिहावे. कोणी नेले, गणवेशात होते का, गाडीचा क्रमांक, वेळ, कोणी पाहिले, हे त्याच दिवशी, सांगणाऱ्याच्याच भाषेत लिहावे. गोंडी किंवा माडियात सांगितले तर त्याच भाषेत टिपून मग मराठी करावे. ग्वातेमालात आमच्यासारख्याच शेकडो गावठी धर्मशिक्षकांनी माया लोकांच्या अनेक भाषांत अशा साक्षी टिपल्या आणि त्यांवरच हेरार्दी यांचा अहवाल उभा राहिला.

अटक झाली असेल तर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे बंधनकारक आहे, अटकेचा मेमो साक्षीदाराच्या सहीने व्हायला हवा आणि नातेवाइकाला कळवायला हवे. सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा डी. के. बसू निकाल हेच सांगतो. माणूस कोठे आहे हेच कळत नसेल, तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात त्याला हजर करण्यासाठी याचिका करता येते. पैसे नाहीत म्हणून थांबू नये. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर ती टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी आणि टपालाची पावती जपावी.

कोठडीत मृत्यू झाल्यास त्याची माहिती चोवीस तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला देण्याची सूचना १९९३ पासून आहे, शवविच्छेदनाचे चित्रीकरण व्हावे अशी आयोगाची शिफारस आहे, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी कायद्यानेच ठरलेली आहे. नातेवाइकांनी या तिन्ही गोष्टी झाल्या का हे लेखी विचारावे. राष्ट्रीय किंवा राज्य आयोगाकडे स्वतंत्र तक्रारही मराठीत आणि शुल्काशिवाय करता येते, मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आत. ही मुदत हुकल्यामुळे अर्ज परत आला, असे होऊ देऊ नये. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती काढून एक गावाबाहेर, विश्वासाच्या घरी ठेवावी.

ही परदेशी नावे आम्हाला उच्चारता येत नाहीत. चुकले तर?

ज्याच्याकडे वाचनाचे काम असते त्याला आठ दिवस आधी यादी मिळते आणि तो घरी सराव करतो. मागच्या खेपेला एका आजीबाईंनी रुतिलिओ ग्रांदे यांचे नाव तीनदा अडखळून चौथ्यांदा नीट घेतले, आणि मग त्यांच्यासोबत मेलेल्या म्हाताऱ्याचे आणि मुलाचे नाव काय होते, हे विचारले. म्हाताऱ्याचे मानुएल सोलोर्सानो आणि मुलाचे नेल्सन रुतिलिओ लेमुस. ती दोन्ही नावे यादीत नव्हती. आता घातली आहेत.